खर्जाची पाचर

आमच्या घरात 'पेटी' हा शब्द दोन अर्थांनी चाले, आणि दोन्ही पेट्यांशी बाबांचा संबंध होता. एक पेटी वाजवायची, दुसरी पुरायची. धुळ्यातल्या आमच्या मिशन कंपाउंडात कोणी गेलं की मंडळीच्या पंचांपैकी कोणीतरी दारात येऊन म्हणे, "मास्तर, उद्या सकाळी पेटी आहे," आणि ती कुठली हे आम्हांला विचारावं लागत नसे, कारण एक आली की दुसरी वाजायचीच. बाबा शाळेत गणित शिकवत आणि देवळात पायपेटी वाजवत. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू, अजूनही म्हणते. नातवंडं हसतात, हसू देत. बाबा अबोल होते. वर्गात फळ्याशी बोलत, घरी ताटाशी, आणि उरलेलं सगळं त्या पायपेटीशी. आई म्हणायची, "माझी सवत लाकडाची आहे म्हणून निभावलं."

ही पायपेटी म्हणजे कपाटाएवढं ऑर्गन. खाली दोन पायडल, ते पायांनी आळीपाळीने दाबत राहायचं म्हणजे भात्यात वारा भरतो, आणि वर हातांनी वाजवायचं. बाबांना ती एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबाने शिकवली आणि मायदेशी परतताना एक जाडजूड पुस्तक मागे ठेवलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन वादकांनी त्यांच्याकडल्या प्रचंड ऑर्गनांसाठी लिहिलेलं संगीत होतं त्यात. ओळी तीन-तीनच्या जुडग्याने छापलेल्या. वरच्या दोन हातांसाठी आणि तिसरी पायांसाठी. त्या ऑर्गनांना पायांनी वाजवायच्या पट्ट्याही असत आणि वारा भरायला वेगळी माणसं. आमच्याकडे पाय वाऱ्यात गुंतलेले, मग तिसरी ओळ वाजवायची कशाने? बाबांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे पाचर. बाभळीच्या लाकडाची, बोटाएवढी, एका टोकाला निमुळती. खर्जाची पट्टी बोटाने दाबायची आणि शेजारच्या फटीत पाचर सरकवून द्यायची, की पट्टी दाबलेलीच राहते, वारा आहे तोवर सूर वाजत राहतो आणि दोन्ही हात मोकळे. एरवी पाचर मारणं म्हणजे दुसऱ्याच्या चालत्या कामात खोडा घालणं. बाबांची पाचर उलटी, चाललेलं थांबू न देणारी. ती कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, आणि धुवायच्या कपड्यांतून ती काढून ठेवणं हे आईचं काम.

त्या पुस्तकातला एक तुकडा बाबा फक्त पुरायच्या दिवशी वाजवत. सुरुवातीलाच खर्जाचा सा लागे आणि शेवटपर्यंत हलत नसे. त्याच्यावर तीन आवाज एकमेकांना वाट देत, कुठेही घाई न करता चालत राहत. त्याचं जर्मन नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही. कंपाउंडातली मंडळी त्याला 'मास्तरांचं लांबण' म्हणत. पण त्या लांबणाशिवाय कोणाला माती मिळाली नाही, एवढं खरं. पेटी उचलून माणसं दाराबाहेर पडत आणि मागे तो खर्जाचा सा जमिनीतून आल्यासारखा येत राही. तळपायांना कळे. माझ्या आजोबांच्या वेळी मी त्याला घाबरले होते, नंतर कधीतरी त्याचाच आधार वाटायला लागला.

ज्या उन्हाळ्याबद्दल हे लिहायला घेतलं, त्या उन्हाळ्यात मी अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, निकाल लागायची वाट बघत होते. आई बिबडे घालत होती. ज्वारीचं पीठ आंबवून, रटरट शिजवून, ओल्या फडक्यावर थापायचं आणि खाटेवर वाळवायचं. दरवर्षी ती एका सकाळीत खाटा भरून टाकी. त्या वर्षी मध्येच बसली, पातेल्यातला डाव तसाच हातात धरून, आणि म्हणाली, "शालू, तू थाप गं. मला जरा वास सहन होईना." ज्या बाईला ठेच्याच्या खकाण्यात बसून गाणं सुचायचं, तिला शिजत्या पिठाचा वास सहन होईना. मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही, पण थापता थापता मी तिच्याकडेच बघत राहिले. मग तिचं जेवण कमी झालं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिच्या आवडीची, ती कुस्करून ताटात फिरवायची आणि आम्ही उठलो की गाईला घालायची. तिच्या पोटात गाठ होती.

त्याच सुमाराला पायपेटीनेही राम म्हटला. ख्रिस्ती घरात हा वाक्प्रचार कसा, असं कोणी विचारील. पण वाक्प्रचारांना धर्म नसतो. भात्याचं कापड घुशींनी खाल्लं होतं, आतल्या लाकडाला वाळवी होती, आणि एका रविवारी ऐन उपासनेत बाबा पाय मारत राहिले नि आतून फक्त हुंकार आला. बाबांनी ती उघडून पाहिली आणि परत झाकली. ज्या माणसाने अर्ध्या खानदेशातल्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त केल्या, त्याने हात टेकले. घरी आल्यावर आई खाटेवरून म्हणाली, "माझ्या आधीच गेली का ती?" आणि हसली. बाबा हसले नाहीत. आई म्हणाली, "माझ्या वेळी लांबण वाजलं पाहिजे हं. कशावरही वाजवा. पाळकांना म्हणावं उपदेश आखूड करा, पण लांबण पुरतं झालं पाहिजे." घरात ते पहिल्यांदा उघड बोललं गेलं, तेही असं, भाजीत मीठ किती हे सांगावं तसं.

जळगावच्या एका मारवाडी शेठच्या घरी पियानो आहे हे बाबांना ठाऊक होतं. शेठच्या आईची भजनाची पेटी दुरुस्त करायला ते तिथे जात. बाबांनी पत्र टाकलं, आणि शेठाणींनी उलट कळवलं की वाजवणारी सून परदेशी गेली, देवाच्या कामाला लागत असेल तर घेऊन जा. मग आमच्या घरात एक विलक्षण काम सुरू झालं. बाबा रोज दुपारी जेवणाच्या पाटावर कागद पसरून लांबण पियानोसाठी बसवू लागले. ते सरगमीत सांगत, मी लिहीत असे. सा, रे, ग, आणि सूर जितका लांबवायचा तितक्या पुढे आडव्या रेघा. तीन ओळींचं दोन हातांत बसवायचं म्हणजे हा आवाज डाव्या हातातून उजव्यात द्यायचा, इथे अंगठ्याने दोन सूर धरायचे, तिथे एक सोडून द्यायचा. सगळ्यांत खाली खर्जाचा सा आणि त्याच्यापुढे पानभर रेघा. रेघा ओढताना मला डुलकी यायची. पलीकडे आई पडून ऐकत असे. एकदा म्हणाली, "माझं शिवणकाम चाललंय वाटतं. माप घ्यायचं तर घ्या." मला इतका राग आला की मी पेन फेकलं. बाबांनी ते उचललं, सदऱ्याला पुसलं आणि माझ्या हातात परत दिलं. "तिसऱ्या ओळीत कोमल नी," ते म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांनी आयुष्यात पियानो वाजवलेला नव्हता. शेठच्या दिवाणखान्यात तो भरतकामाच्या चादरीखाली पाहिलेला, वर हार घातलेले फोटो मांडलेले. पायपेटी ही गरिबाची, पियानो श्रीमंताचा, एवढाच फरक त्यांच्या मनात होता. पट्टी दाबून धरली की सूर राहतो, हे त्यांच्या लेखी दोन अधिक दोनसारखं होतं.

आईला जळगावच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, तेव्हा दोन्ही कामं एका खेपेत करायची ठरली. एरंडोलच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा बाबांनी आईसाठी रसवंतीतून उसाचा रस आणला. तिने दोन घोट घेतले आणि ग्लास माझ्याकडे दिला. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून बाबांना आत बोलावलं. बाबा बाहेर आले ते चष्मा पुसतच. "काय म्हणाले?" आईने विचारलं. "घरी न्या म्हणाले. काय खावंसं वाटेल ते खाऊ द्या."  आई पदर सावरून उठली. "चला मग. पियानो बघायचाय ना?"

शेठाणींनी आईला गादीवर लोडाशी बसवलं, पाणी दिलं. "मास्तरजी, वाजवा ना. किती साल झाले, कोणी हात नाही लावला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच फोटो उचलून बाजूला ठेवले. बाबांनी हात जोडून मिनिटभर प्रार्थना केली, बसले, आणि देवळात लावायचे तसा हलका हात पट्टीवर ठेवला. काहीच वाजलं नाही. पायपेटीची पट्टी फुंकरीसारख्या स्पर्शाने बोलते, पियानोला ठोका लागतो, हे त्यांना कुठे माहीत! शेठाणी हळहळल्या, "बिघडला काय?" बाबांनी पुन्हा जरा जोरात दाबली आणि सूर एकदम केवढा तरी मोठा आला. बाबा दचकले. मग त्यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी पाहिला होता मी तो तसा! त्यांनी खिशातून पाचर काढली. खर्जाचा सा वाजवला, पट्टी दाबलेली ठेवून फटीत पाचर बसवली, आणि दोन्ही हात वर नेऊन लांबण सुरू केलं.

दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचायच्या आत खालचा सा विरून गेला. बाबा थांबले. पाचर निसटली असेल म्हणून वाकून पाहिलं. पाचर जागच्या जागी होती, पट्टीही दाबलेली. त्यांनी ती काढली, पुन्हा सा वाजवला, पुन्हा बसवली, कान लाकडाला लावला. मीही ऐकत होते. सूर आधी मोठा, मग कमी, मग आहे की नाही असा, मग नाहीच. असं किती वेळा केलं त्यांनी, कोण जाणे. शेवटी पाचर मुठीत धरून ते नुसते बसले. "हा धरतच नाही," ते म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार." त्या घरात, परक्या माणसांसमोर, माझ्या बापाच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेठाणींना वाटलं पियानोसाठीच. त्या म्हणाल्या, "मास्तरजी, दिल छोटा करू नका, आमच्या गाडीतून पोचवते." आईने मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. डॉक्टरांसमोर त्यांना जे रडता आलं नव्हतं, ते हे रडणं होतं, हे मला तेव्हाही समजलं.

पियानो धुळ्याला आला तो शेठच्या केळीच्या ट्रकमधून, केळीच्या पाल्यात गुंडाळून. पुढे कितीतरी दिवस देवळात पिकल्या केळीचा वास आणि पियानोत मुंग्या. तोवर शिरपूरकडच्या खेड्यातून बाबांची थोरली बहीण, आमची आक्का, आईचं करायला येऊन राहिली होती. आक्काने कंबरेवर हात ठेवून पियानोला एक फेरी मारली. "इतली मोठी पेटी! आन् सूर धरस नही? मंग काय कामनी शे ती?"  शाळा सुटली की बाबा देवळात जाऊन बसत आणि अंधार पडायच्या आत आक्का त्यांना बोलवायला दारात उभी राही, "भाऊ, भाकर थंडी व्हई गयी. कितला ठोकशी तिले?"

ठोकणंच चाललं होतं ते. सूर मरतो, तर मरायच्या आत पुन्हा वाजवायचा, असा त्यांनी उपाय काढला होता. माझ्या वहीतल्या लांब रेघा खोडून तिथे सा, सा, सा, सा. आधी ओळीला एकदा, मग दोनदा, मग सारखाच. वरचे तीन आवाज पूर्वीसारखे सावकाश चालत होते, पण खाली कोणीतरी धावतंय असं वाटायचं. आमचं घर देवळासमोरच. आई खाटेवर पडल्या पडल्या ऐकायची. आता ती फक्त शेवभाजीचा रस्सा मागायची, आक्का तो झणझणीत करून आणायची, आणि आई वाटीवर वाकून वास घेऊन परत द्यायची. "दार ठोठावतंय कोणीतरी," एकदा ती म्हणाली. मी दाराकडे गेले. "तिकडे नाही गं. देवळात."

पुढच्या दुपारी तिने आक्काला म्हटलं, मला देवळात न्या. कुठे निघालीस म्हणून आक्का कुरकुरली, "तुले बसाले जमत नही, कथा जास?" पण शेवटी एका बाजूने ती आणि एका बाजूने मी असं धरून आम्ही तिला अंगण ओलांडून नेलं. तिचं वजन इतकं कमी झालं होतं की मला धरल्यासारखंच वाटत नव्हतं. बाबा पाठमोरे ठोकत होते. ती पहिल्या बाकावर टेकली आणि पुरतं ऐकून घेतलं.

"अहो," ती म्हणाली, "असं नका मारत बसू त्याला. एकदाच वाजवा आणि धरून ठेवा."

"विरून जातो," बाबा म्हणाले. "अर्ध्यातसुद्धा ऐकू येत नाही."

"मला तसंही कुठे येणार आहे? तुम्ही धरलाय एवढं पुरे."

 आक्का पदर तोंडात घालून बाहेर निघून गेली. मग बाबांनी वही पुढे ओढली आणि सगळे सा एकेक करून खोडले. पहिला तेवढा ठेवला. त्याच्यापुढे रेघ ओढायला त्यांनी पेन मला दिलं. आई म्हणाली, "सरळ ओढ गं," आणि माझ्या हाताकडे बघत बसली.

परवा नातवाने फोनवर मला तोच तुकडा ऐकवला. कुठल्याशा परदेशी देवळातला खरा ऑर्गन, पायांच्या पट्ट्यांसकट. खर्जाचा सा असा की फोन टेबलावर गुरगुरत सरकायला लागला. शेवटपर्यंत जराही कमी झाला नाही. नातू म्हणाला, "आजी, हे ओरिजिनल." असेल. मला तो फार बडेजावी वाटला. मी चहा ठेवायला उठले.

आई पावसाळा सरता सरता गेली. सकाळची वेळ होती, आक्का तिचे केस विंचरत होती, आणि विंचरता विंचरताच आक्का तिला हाका मारायला लागली. खानदेशातल्या बायका रडतात ते सूर लांबवून, नाव घेऊन, एकेक गुण सांगून. कंपाउंडातल्या पंचांना ते पसंत नसे, पण आक्काला आवरायची कोणाची छाती नव्हती.  दारात एक पंच आले आणि सवयीने म्हणाले, "मास्तर, उद्या सकाळी पेटी..." बाबांनीच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उपदेश खरंच आखूड झाला. मी पियानोशेजारी पानं उलटायला बसले होते. बाबांनी खर्जाचा सा वाजवला, आईच्या देखत वहीत ठेवला होता तेवढा एकच, आणि फटीत पाचर बसवली. मग लांबण सुरू झालं. थोड्याच वेळात सा ऐकू येईनासा झाला. लोकांनी तो शोधला असणार, इतक्या वर्षांची सवय. दोघातिघांनी माना वर करून पाहिलंही. बाबा तीन आवाज सावकाश वाजवत राहिले. एकदाही खाली हात गेला नाही. मला रडू येत नव्हतं, नुसती भीती वाटत होती की आता त्यांना राहवणार नाही आणि ते पुन्हा ठोकायला लागतील. त्यांनी शेवटचा मेळ वाजवला, आणि तो पुरता विरायच्या आत उठले, कारण पेटी उचलायला माणसं उभी राहिली होती आणि पहिला खांदा त्यांचा होता. चपलांचा आवाज, आक्काचा गळा, कोणीतरी "सांभाळून, सांभाळून" म्हणतंय. पाचर तशीच फटीत राहिली होती.

ती बाबा विसरले की मुद्दाम ठेवून गेले, हे मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. घरी नेलेली बरी म्हणून मी हात घातला आणि ती उपसून काढली. पट्टी वर आली, आत तारेवर लोकरीची गादी हलकेच टेकली, आणि सा थांबला. तेव्हा मला कळलं की तो इतका वेळ वाजत होता.